एक वाक्य, एक फाइल

माझी आत्या तीस वर्षं बसस्थानकाचा आवाज होती. तिला कुणी पाहिलेलं नसायचं, पण तिच्या एका शब्दावर माणसं बोचकी उचलून फलाट बदलायची. काचेच्या खोलीत बसून ती "फलाट क्रमांक", "सात", "लवकरच सुटेल" असे तुकडे वेगवेगळे रेकॉर्ड करायची. जोडायचं काम यंत्राचं. निवृत्त झाली तरी ती सवय सुटली नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

शेजारी ड्रायव्हरकाका राहायचे. जन्मभर बस चालवली आणि म्हातारपणी नजर गेली. त्यांच्यासाठी आत्या समुद्रावरची एक जाडजूड कादंबरी वाचून रेकॉर्ड करत होती. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. दुपारी मी जायचे तेव्हा ते घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. आतून फक्त तिचा आवाज येत राहायचा आणि मी जिन्यातच बसून राहायचे, कशासाठी आले होते तेही विसरून.

त्या शनिवारी काकांची मुलगी त्यांना कायमचं आपल्या शहरात न्यायला आली. निघायची वेळ चारची. अडीचला आत्याचा फोन आला, "अगं, पेनड्राइव्ह भरतच नाहीये."

मी कचेरीत संगणकच दुरुस्त करते, त्यामुळे नातेवाइकांना माझी आठवण संगणक रुसला की येते. चडफडत गेले. पडद्यावर लिहिलं होतं : तीन तास बाकी. आत्या त्या हिरव्या पट्टीकडे एकटक बघत बसली होती.

पेनड्राइव्ह पुढच्या जुन्या खाचेत होता. तो काढून मागच्या निळ्या, वेगवान खाचेत लावला. फरक पडला, पण नावापुरता. मग फोल्डर उघडलं आणि कपाळावर हात मारला. आत नऊ हजारांवर फाइली!

"आत्या, हे काय?"

"एक वाक्य, एक फाइल. चुकलं तर तेवढंच पुन्हा म्हणायचं."

"अगं बाई, मोठी एक फाइल सरसर जाते. बारीक फाइलींची एकेकीची नोंद होते, त्यात वेळ जातो."

"म्हणजे नऊ हजार प्रवासी, आणि प्रत्येकाचं तिकीट वेगळं फाडायचं."

"तेच!"

"मग सगळ्यांचं मिळून एकच फाड की."

मी सगळी वाक्यं एका लांबलचक फाइलीत जोडायला लावली. झाल्यावर शेवट नीट आलाय ना, म्हणून तेवढाच लावून पाहिला. बोट किनाऱ्याला लागली, कादंबरी संपली. आणि मग त्याच घोषणेच्या स्वच्छ आवाजात आणखी एक वाक्य आलं : "तुम्ही गेलात, तर मी कुणासाठी वाचू?"

आत्याने पदर तोंडाला लावला. तिला असं लाजताना मी कधीच पाहिलं नव्हतं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

"काढून टाकू?" मी हळूच विचारलं.

"राहू दे. ऐकत ऐकत तिथवर पोचायला त्यांना दोन दिवस लागतील. तोवर ते लांब गेलेले असतील."

दोन मिनिटांत कॉपी झाली. पेनड्राइव्ह रीतसर बंद करून काढला, आणि आम्ही खाली धावलो. गाडी सुरू होती. मुलगी स्टिअरिंगवर, शेजारच्या सीटवर काका, काच खाली.

"पूर्ण झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली," आत्या म्हणाली.

"मला दम नाही हो. शेवट काय होतो, तेवढं आत्ताच सांगा."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. पेनड्राइव्ह तिच्या मुठीतच होता. तीस वर्षं ती जे बोलली, ते यंत्रात बोलली होती. चुकलं तर पुसता यायचं. तिने घसा खाकरला आणि ते शेवटचं वाक्य काकांच्या तोंडावर म्हणून टाकलं. एकदाच.

काकांनी चाचपडत मुलीचा हात शोधला आणि म्हणाले, "बाळा, इंजिन बंद कर."