चार बेडरूमचा व्हिला, दोन क्वार्टर्समध्ये

नातीच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये परवा एक फोटो पाहिला. बुटक्या, मातकट घरांची रांग आणि खाली लिहिलेलं, तेलाच्या भरभराटीत बांधलेली कामगारांची ऐतिहासिक घरं. "आजी, धिस इज हेरिटेज!" ती म्हणाली. मी चष्मा पुसला. डावीकडून तिसऱ्या हेरिटेजमध्ये मी तीन वर्षं कांदे चिरले होते.

२००८ची मंदी आली, ह्यांच्या कंपनीचे दुबईतले टॉवर अर्धवट उभे राहिले, आणि दुबई मरीनातला ऐटबाज फ्लॅट सोडून आम्ही ह्यांच्या बदलीने अबूधाबीतल्या रिफायनरीच्या गावी, रुवैसला आलो. रिफायनरी उभारणाऱ्या फोरमन लोकांसाठी कधीकाळी बांधलेलं क्वार्टर. दोन खोल्या, मागे शेजाऱ्यांसोबत सामाईक अंगण. ह्यांची नोकरी टिकली, व्हिसा टिकला. शहाण्या बाईने देवापुढे साखर ठेवली असती. मी मरीनातल्या मैत्रिणींना फोन केला, "व्हिला मिळालाय. चार बेडरूम!"

"अय्या! मग संक्रांतीचं हळदीकुंकू तुझ्याकडेच."

खलास! आता नाक कापलं जाणार. पन्नाशी आली होती, अक्कल बहुधा अजून कस्टम्समध्ये अडकलेली. शेजारच्या रत्नागिरीच्या भाभीला गळ घातली, एक दिवस तुझं क्वार्टर माझं म्हणून दाखवू दे. तिने कपाळावर हात मारला आणि किल्ली दिली.

तिघी आल्या. मी डौलात पुढे. हा हॉल, ही गेस्ट रूम, आणि अंगण ओलांडून, "ही आमची मास्टर बेडरूम!"

भिंतीवर मक्केच्या काबाची हातभर तसबीर. खुंटीला भाभीची नमाजाची चटई, जानमाज. मी रांगोळी काढली होती, पडद्यांना इस्त्री केली होती. त्या भिंतीकडे तेवढं बघायचं राहिलं होतं.

"ह्यांना आवड आहे," मी म्हणाले. "वास्तुकलेची."

दारात भाभी चहाचा ट्रे घेऊन उभी. "अगो, सांगून टाक आता. चहा निवतोय."

सांगितलं. कामगारांचं क्वार्टर, त्यातलं अर्धं उसनं.

कुणी हसलं नाही. तिघींतली सर्वांत ठसकेबाज, जिच्या धास्तीने मी पडद्यांना इस्त्री केली होती, ती पलंगावर टेकली. "ह्यांचं ऑफिस दिवाळीतच बंद झालं गं. आम्ही कुणाला बोललो नाही. इथे माणसं घेतायत का? आणि असं एखादं क्वार्टर?"

"इन्शाल्ला," म्हणत भाभीने आधी तिच्या हातात चहा दिला.

उन्हाळ्याआधी ती पाचव्या हेरिटेजमध्ये राहायला आली. पुण्याला सासूबाईंना तिने कळवलं, व्हिला मिळालाय. सासूबाई बघायला येणार म्हटल्यावर भाभीने आपल्या दाराला दुसरं कुलूप घातलं.