फंड लपवला, सोयरीक हुकली

खाणीतून निवृत्त झालो, फंडाचे पैसे बँकेत पडले आणि त्या दिवसापासून मी माणसांवर विश्वास ठेवणं सोडलं. आमच्या चिखला गावात हे सोपं नाही. इथे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं.

तशात बायकोचे, शकुनचे, गुडघे गेले. नागपूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात कमी उत्पन्नवाल्यांना ऑपरेशन सवलतीत होतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढला, कागद पाठवले. शेजारच्या मधुकरनं ऐकलं आणि मान हलवली.

"फंड भेटला ना तुले? मंग कायची सवलत? त्यायचे मानसं घरी येऊन पायतेत म्हणे. गुपचूप."

'गुपचूप' हा शब्द डोक्यात बसला. अनोळखी नंबर नकोत म्हणून मी फोन बंद केला. भांडेवाला आला, मला तपासनीस वाटला. बकऱ्या घेणारा एक जण दोनदा गल्लीतून गेला. (तो बकऱ्यांकडे नाही, आमच्या छपराकडे बघत होता, हे मी आजही सांगतो.) त्याच संध्याकाळी फ्रिज मधुकरकडे गेला, टीव्ही पलंगाखाली, आणि सोफ्यावर मी धानाची पोती रचली.

"मी बसू कुठं?" शकुन म्हणाली. "खाली बसता येत नाही म्हनूनच ऑपरेशन करून राहिलो ना?"

"चार दिवस उभी राय."

रविवारी दारात गाडी थांबली. पांढऱ्या शर्टातली दोन पोक्त माणसं उतरली. अंगण पाहिलं, विहीर पाहिली, छप्पर पाहिलं. माझी खात्रीच पटली! आमच्या पोरीला, सोनलला, मी डोळे वटारून कोरा चहा आणायला लावला.

"खाणीत होते ना तुमी?" एकानं सहज विचारलं. "मंग फंड चांगला भेटला असन."

"भेटला होता," मी मान खाली घातली. "जुगारात गेला."

आतून शकुनचा ठसका ऐकू आला.

"समदा?"

"समदा. अन् थोडी दारूबी आहे." (ही भर का घातली, मला आजही कळलेलं नाही.)

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहा अर्धा ठेवून उठले. "पोरगी मात्र शांत आहे," दारात एक जण दुसऱ्याला म्हणाला. तपासनिसाला पोरीशी काय करायचं, असं मला वाटलं खरं.

संध्याकाळी शकुनचा भाऊ मोटरसायकलवरून थेट घरी आला.

"भाऊजी, सोनलले पाहाले आलेले पाहुने कायले पळवले? पोराचा बाप अन् मामा होते ते. सकाळपासून फोन लावून राहिलो तुमाले, बंदच."

शकुन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सोनल बोलली. ती न बोलती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात गेलो. टेबलामागच्या बाईंनी दाखला वाचला.

"काका, आम्ही वर्षाचं उत्पन्न पाहतो, मुद्दल नाही. फंडाचं व्याज यात धरलेलंच आहे. बसता तुम्ही सवलतीत."

"अन् घरी तपासाले कोन येते?"

"कोणीच नाही."

शकुनचं ऑपरेशन नीट झालं. ती चालायला लागली, आणि चालत आली ती फोन घेऊनच. "लावा पोराच्या बापाले. खरं काय ते सांगा."

मी सगळं सांगितलं. फंड बँकेत आहे, पत्त्यांना कधी हात लावला नाही, दारूचा वासही सहन होत नाही, दवाखान्याच्या भीतीनं बोललो.

"जुगाराचं आमी काही मनावर घेतलं नव्हतं," पोराचा बाप सावकाश म्हणाला. "सुटते ते. पन इतक्या सफाईनं खोटं बोलनारा व्याही... नाही जमनार, भाऊ."