ब्रूनोला दिलेली चप्पल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलाला नाही — आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवे होते, त्या माझ्या वडिलांना तर नाहीच. तुम्ही समोर बसला आहात असे समजून सांगतो. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

मी एका कुत्र्याचा मत्सर केला. हसलात ना? मीही हसलो असतो. पन्नाशी उलटलेला, बारामतीत स्वतःचे घर असलेला, महाविद्यालयात मुलांना शिकवणारा माणूस — आणि मत्सर कुणाचा, तर कुत्र्याचा.

मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याचा ब्रूनो आमच्याकडे राहिला. वासराएवढा लॅब्रॅडॉर. सोफ्याचे हात, देवघरातला चौरंग, दाराची चौकट — दाताखाली येईल ते कुरतडायचा. माझी पत्नी सुनंदा अगदी टेकीला आली. कळसला माझ्या चुलतभावाच्या शेतावर त्याला पाठवायचे, असे तिने ठरवूनच टाकले होते. त्याच सुमारास डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आबा, म्हणजे माझे वडील, काटेवाडीहून आमच्याकडे राहायला आले.

“सूनबाई, पाडव्यापतुर थांब,” ते म्हणाले. “न्हाय सुधारला, तर खुशाल धाड कळसला.”

आबांनी जाड दोरखंडाची एक गाठ वळली आणि ताकात भिजवली. ब्रूनोने सोफ्याला तोंड लावले की ते ओरडत नसत. शेजारी जमिनीवर बसत, गाठ पुढे धरत आणि वाट पाहत. त्याने सोफा सोडून गाठ घेतली की पाठीवरून हात फिरवत म्हणत, “शाब्बास रं माझ्या बाळू.” ऐंशीच्या घरातले गुडघे — तरी पुन्हा पुन्हा खाली बसत. आम्हा सर्वांना त्यांची एकच ताकीद होती : “जुनी चप्पल बी चघळायला द्यायची न्हाय. त्याला जुनं-नवं कळत न्हाय. त्याच्या लेखी चप्पल ती चप्पल.”

आता जे सांगायचे आहे ते — जरा थांबतो.

लहानपणी मला शर्टाची कॉलर चावण्याची सवय होती. आबांनी ती मोडली. चाबकाच्या दांडीने. माझ्याजवळ कुणी असे खाली बसले नव्हते. मला ‘बाळू’ अशी हाक कुणी मारली नव्हती. दाराआडून मी तो फिरणारा हात पाहत असे. एवढा धीर या माणसाजवळ होता? मग तो इतकी वर्षे कुठे होता? आणि आता द्यायचाच होता, तर तो याला?

ब्रूनो सुधारत गेला. सुनंदाचा आवाज मऊ झाला. शेजारचे गणपतराव आबांना चिडवू लागले, “आबा, आता शिकवणीचा क्लासच काढा की! आमच्या नातवापासनं सुरुवात करा.” आबा लाजून हसत. त्यांना असे लाजताना मी कधी पाहिले नव्हते. ते मला सहन झाले नाही.

दुपारी आबा झोपले की मी ब्रूनोला मागच्या अंगणात नेऊ लागलो. माझ्या एका जुन्या चपलेला तूप चोळून ती त्याच्यापुढे टाकत असे. तो आधी माझ्याकडे पाहायचा — विचारल्यासारखा. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचो. आबांसारखाच. हे एकदा घडले असते तर रागाच्या भरात घडले, असे म्हणता आले असते. मी ते रोज केले.

पाडव्याच्या आधी घरी सत्यनारायणाची पूजा होती. सुनंदा म्हणाली, ब्रूनोला बांधून ठेवूया. आबा म्हणाले, “कशापायी? शाणा झालाय आता.” आरती संपवून पाहुणे बाहेर आले, तेव्हा ओटा त्यांच्या चपलांच्या पट्ट्यांनी आणि कातड्याच्या तुकड्यांनी भरला होता. सुनंदाचे मामा उन्हात अनवाणी उभे होते. आबांनी सर्वांसमोर हात जोडले. “माझ्या शिकवण्यात खोट ऱ्हायली, पाव्हणं,” ते म्हणाले. मी त्यांच्या शेजारीच होतो.

मग त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि ब्रूनोच्या पाठीत घातली. एकदाच. तो ओरडला नाही, नुसता खाली बसला. आणि मला — हेच ते, हेच मला सांगायचे होते — मला बरे वाटले. आत कुठेतरी थंड वाटले. आता बरोबरी झाली, असे वाटले.

पाडव्यापूर्वीच ब्रूनो कळसला गेला. आबाही काटेवाडीला परत निघाले. एसटीची वाट पाहत असताना, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “तुला मारलं तवा मला दुसरं काय येत न्हवतं, लेका. म्हातारपणी वाटलं, आता येतंय. पर न्हाय. हात त्योच हाय.”

त्या क्षणी एक वाक्य पुरे होते. आबा, तुमचे शिकवणे खरे होते, ते मी मोडले — एवढेच. एसटी यायला बराच वेळ होता. मी म्हणालो, “पाणी आणू का?”

आबा आहेत अजून. मी दर रविवारी काटेवाडीला जातो. ते दर वेळी विचारतात, “कुत्रं कसं हाय रं?” मी सांगतो, मजेत आहे, शेतात मोकळा हिंडतो. ते मान हलवतात आणि हात मांडीखाली घेऊन बसतात.

कळसला मी एकदाही गेलेलो नाही.