तडजोडीचा कागद

बँकेच्या काउंटरवर मी हात असा आपटला की मनगटातल्या तीन बांगड्या तिथंच फुटल्या. कॅशियर खुर्चीतून उठला. दारातला वॉचमन पुढं आला. हातातून रक्त गळत होतं आणि मी बोंबलत होते, "मी कुणाचा एक रुपया बुडवलाय ते दाखवा! आत्ताच्या आत्ता दाखवा!" समोरची ऑफिसर पोरगी माझ्यापेक्षा लहान होती. घाबरली, पण जागची हलली नाही. कंप्युटरचा पडदा माझ्याकडं फिरवून म्हणाली, "मॅडम, तुमचं कार्ड नामंजूर झालं, ते यामुळं."

मागितलं काय होतं मी? एक क्रेडिट कार्ड. तेही चैनीसाठी न्हाई.

त्या वर्षांत लातुरात डॉक्टर व्हायला अख्ख्या मराठवाड्यातून पोरं लोटून राहिली होती. गल्लीत क्लास, क्लासवर हॉस्टेल, हॉस्टेलखाली खानावळ. मी मुलींच्या एका हॉस्टेलात पगारी रेक्टर होते. मालक लई तापट. जळकोटच्या एका पोरीची फी महिनाभर थकली, तर त्यानं तिची पेटी दुसऱ्या मजल्यावरून खाली फेकली. पुस्तकं, कपडे, आईनं दिलेला लाडवाचा डबा, सगळं रस्त्यावर. मी मालकाची कॉलर धरली. त्यानं मला भिंतीवर ढकललं, डोक्याला टेंगूळ आलं. त्याच दिवशी ठरवलं की आता हॉस्टेल काढायचं ते स्वतःचं. मागच्या गल्लीत बावीस खोल्यांची इमारत भाड्यानं मिळत होती. घरमालकीण भली बाई. म्हणाली, वर्षभर थांबते तुझ्यासाठी, त्यापुढं न्हाई.

अनामत भरायला, खाटा-गाद्या घ्यायला कर्ज लागणार होतं. आणि बँकेच्या लेखी मी कुणीच नव्हते. सात वर्षं भिशीचा एक हप्ता चुकवला नव्हता, पण भिशीचं बँकेला काय सोयरसुतक? ऑफिसर पोरीनंच रस्ता सांगितला होता. छोटी ठेव ठेवा, तिच्यावर कार्ड घ्या, थोडंथोडं वापरा, दर महिन्याला तारखेच्या आत सगळं भरा, म्हणजे वर्षभरात तुमची पत दिसायला लागेल. मी ठेव ठेवली, फॉर्म भरला. आणि आता ही पडदा फिरवून दाखवत होती की पत आधीपासूनच आहे, आणि ती नासलेली आहे.

पडद्यावर माझं नाव होतं. त्यापुढं नांदेडची एक फायनान्स कंपनी, जीपचं कर्ज, जामीनदार म्हणून मी, आणि शेवटी इंग्रजीत 'सेटल्ड'.

"हे तर मिटलंय," मी म्हणाले. "कागद आहे आमच्याकडं."

"मिटलंय, पण अर्ध्यावर मिटलंय. पूर्ण फेडलं असं होत नाही हे. असं काही दिसलं की आमची शाखा ठेवीवरचं कार्डसुद्धा देत नाही. उरलेले भरा, कंपनीकडून पत्र आणा, मग बघू."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हा कागद ज्यानं आणला होता तो माझा थोरला भाऊ. मी बँकेतून थेट स्टँडवर गेले आणि उमरीला जायला निघाले. त्याला मारायलाच निघाले होते, खोटं कशाला सांगू?

आता हा भाऊ कोण, ते सांगितलं पाहिजे. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची, तो सोळाचा. आम्ही दोघं मामाकडं उमरीला होतो म्हणून वाचलो. आईबाप घरात होते. मामाबरोबर तो गावी गेला आणि दोन दिवस त्यानं हातानं दगड उपसले. बघ्यांची गर्दी हटेना, तेव्हा त्यानं एकाच्या तोंडात बुक्की हाणली आणि गर्दी मागं सरली. मामा सांगायचे, पोराचा हात तिथून जो सुटला तो सुटलाच. परत आला तेव्हा त्याच्या बोटांना नखं नव्हती. त्यानंतर मला त्यानंच वाढवलं. अभ्यास केला न्हाई तर चापट, उशिरा आले तर चापट, तापात औषध थुंकलं तर एका हातानं नाक दाबून दुसऱ्या हातानं थोबाडीत. आणि मला कुणी नुसतं 'ए' म्हणालं तर त्या माणसाची खैर न्हाई. मारणं आणि माया, त्याच्याकडं दोन्ही एकाच हातात होतं. मीही त्याचीच बहीण. माझाही हात काही फार मागं नव्हता.

मला हॉस्टेलात पगार सुरू झाला त्या वर्षी त्यानं नांदेड-उमरी फेऱ्या मारायला काळी-पिवळी जीप घेतली. फायनान्सवाल्याला जामीनदार पाहिजे होता, पगाराची स्लिप असलेला. भाऊ कागद घेऊन लातूरला आला. चहाच्या हॉटेलात बशी बाजूला सारून म्हणाला, "इथं सही कर, न् इथं." मी केली. वाचलं न्हाई. आमच्यात घरच्या माणसानं सही मागितल्यावर कागद वाचत बसणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. जामीन म्हणजे ओळख देणं, एवढंच आम्हाला ठाऊक.

दोन वर्षं जीप पळाली. मग इंजिन बसलं, हप्ते थांबले. एक दिवस फायनान्सची चार माणसं आली आणि स्टँडवरून जीप ओढून घेऊन गेली. भाऊ आडवा पडला तर त्याला लाथा घालून बाजूला काढलं. बरगडीला तडा गेला त्याच्या. पट्टा बांधून झोपल्या झोपल्या तो मला म्हणाला, "गाडी नेली ना त्यांनी? नेऊ दे. विषय संपला." मलाही तेच वाटलं. आजही आमच्याकडं कुणालाही विचारा, हेच सांगतील. वस्तू नेली की देणं फिटलं. गाडी लिलावात मातीमोल जाते आणि राहिलेली बाकी जामीनदाराच्या गळ्यात येते, हे सांगणारा कुणी भेटला नव्हता.

सांगायला आला तो वसुलीवाला. भर दुपारी हॉस्टेलच्या फाटकात उभा राहिला. आत चाळीस पोरी जेवत होत्या, एक बाप पोरीला भेटायला आला होता. सगळ्यांच्या देखत ओरडला, "भाऊ देत न्हाई तर बहीण देईल. एवढ्या पोरी ठेवल्यात, कमाई काय कमी आहे का?" त्या बापानं माझ्याकडं बघितलं आणि पोरीचा हात धरला. मी पायातली चप्पल काढून त्या माणसाच्या अंगावर धावले. त्यानं माझा दंड पिरगाळला आणि फाटकावर आपटलं. चार दिवस हात वर जात नव्हता.

भावाला कळलं. दुसऱ्या दिवशी तो नांदेडला गेला, फायनान्सच्या ऑफिसाखालच्या चहाच्या गाड्यावर तो माणूस गाठला आणि त्याचे पुढचे दोन दात पाडले. पोलीस आले, केस झाली. मग मामा, धर्माबादचे एक आडते, कंपनीचा एक साहेब असे चारचौघं बसले आणि तडजोड झाली. आम्ही बाकीच्या निम्मे पैसे एकरकमी द्यायचे, कंपनीनं राहिलेले सोडायचे, त्या माणसानं तक्रार मागं घ्यायची. दोघांना मिठी मारायला लावली. एका कपातला चहा अर्धा अर्धा प्यायले. कंपनीनं कागद दिला, इतक्यावर मिटले म्हणून. भावानं पेढे वाटले. "निम्म्यात गुंडाळलं साल्यांना," असं तो वर्षभर सांगत फिरला, आणि मला त्याचा लई अभिमान वाटायचा.

आमच्याकडं चौघांत बसून तडजोड झाली की भांडण मेलं. पुन्हा उकरून काढील त्याला लोक शेण घालतात तोंडात. कंप्युटरला तडजोडीची ही इज्जत कुणी शिकवली नव्हती. त्याच्या लेखी आम्ही निम्मे बुडवले होते, बस.

उमरीत पोचले तेव्हा भाऊ त्याच्या पंक्चरच्या दुकानात बसून ट्यूब घासत होता. मला बघून हसला. "अगं बाई, आज कशी काय?" मी त्याच्या थोबाडीत दिली. मग दुसरी दिली. वहिनी आतून धावत आली, "येडी झालीस का गं?" म्हणून माझे केस धरले. मी तिलाही ढकललं. तोंडानं चालूच होतं माझं, की तुझ्या मर्दुमकीनं माझं नाव नासलं, माझं हॉस्टेल गेलं, पेढे वाटतोस होय रे! भाऊ उठला. टायर काढायची लोखंडी टॉमी त्याच्या हातात होती. ती त्यानं वर उचलली. मी म्हणाले, "हाण. हाव, हाण. तेवढंच येतंय तुला."

त्यानं ती टॉमी पाण्याच्या टाकीवर हाणली. टाकी फुटली, पाणी दुकानभर झालं. मग तो खाली बसला आणि विचारलं, "किती राहिलेत त्यांचे?"

पैशाचं लांबण लावत न्हाई. माझी भिशी लागली ती सगळी गेली, त्यानं हवा भरायचा कंप्रेसर विकला. व्याज धरून रक्कम झाली आणि आम्ही दोघं नांदेडला फायनान्सच्या ऑफिसात गेलो. शिपायानं आत सोडलं. मॅनेजरच्या खुर्चीत तोच माणूस होता. चढत चढत तिथवर आला होता. पुढचे दोन दात बसवलेले, बाकीच्या दातांपेक्षा पांढरे.

त्यानं आम्हाला लगेच ओळखलं. बसा म्हणाला न्हाई. मी आपली समोरची खुर्ची ओढून बसले.

भावानं पैशाची पिशवी टेबलावर ठेवली. म्हणाला, "साहेब, राहिलेले पूर्ण आणलेत. पूर्ण फेडल्याचं पत्र पाहिजे बहिणीच्या नावानं."

"आमच्या हिशोबी तुमचं मिटलंय," तो म्हणाला. "आता पैसे घ्यायला मी बांधील न्हाई. पत्र देणं न देणं माझ्या हातात आहे."

"हाव साहेब. तुमच्याच हातात आहे."

अडला हरी म्हणतात तो हा असा. मॅनेजर उठला, दार लावून घेतलं, शांतपणे भावाजवळ आला आणि त्याच्या तोंडावर चपराक ओढली. ताडकन आवाज झाला. भावाची मान फिरली. मला वाटलं, आता हा माणूस मेला. माझा भाऊ त्याला इथंच आडवा करणार. पण भावानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकात एक अडकवून घट्ट धरले. दुसरी बसली. तिसरी बुक्कीच होती, ओठ फाटला, शर्टावर रक्त आलं. भाऊ म्हणाला, "अजून पाहिजे तर ठेवा साहेब. पण कागद द्या तिचा."

त्या माणसानं मग हात खाली घेतला. खुर्चीत जाऊन बसला, घंटी वाजवली, पैसे भरून घ्यायला सांगितलं. तासाभरात पत्र मिळालं. शिक्का, सही, पूर्ण परतफेड.

पुढं मग बँकेनं ते पत्र कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडं पाठवलं, पडद्यावरचा शब्द बदलायला महिने गेले, मग कार्ड आलं. वर्षभर मी त्यावर नोकरीच्या हॉस्टेलातल्या पोरींचा किराणा घेतला आणि तारखेच्या आठ दिवस आधी भरत गेले. मग कर्ज मंजूर झालं, पण बावीस खोल्यांची इमारत तोवर दुसऱ्याकडं गेली होती. मला बारा खोल्यांची मिळाली. चालू आहे अजून. नव्या पोरी कौतुकानं विचारतात, मॅडम, एकटीनं कसं उभं केलं? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

खरं सांगायची लाज वाटते. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या भावाला मारलं आणि मी खुर्चीवरून उठले न्हाई. मालकाची कॉलर धरणारी, बँकेत बांगड्या फोडणारी मी, बसून राहिले. हात मांडीखाली दाबून धरले होते. भीती वाटत होती म्हणून न्हाई. मला तो कागद पाहिजे होता. पहिली चपराक बसली तेव्हा माझ्या मनात भावाच्या आधी कागद आला, आणि दुसरी बसली तेव्हाही कागदच.

परतीला बसमध्ये तो खिडकीशी बसला, ओठाला रुमाल लावून. मी रडायला लागले. म्हणाले, "दादा, मी उठायला पाहिजे होतं."

"उठली असतीस," तो बाहेर बघत म्हणाला, "तर तिथंच तुझं थोबाड फोडलं असतं मी."