उजवीच घ्या

आयटीतल्या बढतीनंतर साहेबांनी मला रविवारी गोल्फ खेळायला बोलावलं, म्हणून मी कर्वेनगरहून कॅम्पातल्या एका दुकानात काठी घ्यायला गेलो. तिथल्या विक्रेत्यानं आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ज्या काठीला हात लावीन ती तो लगेच फडक्यानं पुसायचा. मी चोर, असा त्याचा संशय. तो लबाड, असा माझा.

"डावखुऱ्यांसाठीची दाखवा," मी म्हणालो.

"जेवता कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"मग उजवीच घ्या."

"अहो, पण मी खेळतो डाव्यानं."

"सवय होते. जेवायची झाली ना?"

डावखुऱ्यांची काठी दुकानात नसणार, म्हणून हा उजवी गळ्यात मारतोय, याची मला खात्रीच पटली. लहानपणी डावा हात ताटाकडे गेला की आई त्यावर चापट मारायची. ते याला कसं कळलं, तेवढं मात्र समजेना.

काही न घेता मी बाहेर पडलो. स्कूटर काढताना काचेतून आत पाहिलं, तर मी ठेवलेली काठी पुसून तो तसाच उभा होता. दुकान रिकामं आहे याची खात्री करून त्यानं पाय फाकवले आणि काठी थेट डावखुऱ्यासारखी धरली.

आत चापट मारायला कोणीच नव्हतं. तरी त्यानं हात बदलले.