खांबाच्या सावलीतली रांग

फोटो काढताना बाकीचे लोक "स्माइल" म्हणतात. आमचे काका "खलास!" म्हणायचे. खलास म्हणजे इथल्या अरबीत संपलं, झालं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाचा ग्रुप फोटो असला की आम्ही बायका पदर सारखे करून, पोटं आत ओढून, श्वास रोखून उभ्या राहायचो. काका एक फोटो काढायचे, कॅमेरा छातीपर्यंत खाली घ्यायचे आणि जोरात म्हणायचे, "खलास!" की लगेच पोटं बाहेर, कुणाचं हसू सुटलंय, कुणी कुणाला चिमटा काढतंय, आणि नेमका तेव्हा तो छातीशी धरलेला कॅमेरा पुन्हा वाजायचा. खरा फोटो तो. मस्कतमधल्या आमच्या अख्ख्या अल हैल वस्तीला ही युक्ती पाठ होती आणि अख्खं अल हैल दर वेळी फसायचं. माझ्या एकाही फोटोत माझं तोंड बंद नाही, यावरून काय ते समजा.

म्हणून ते खलासकाका. खरं नाव सायमन, गाव वसई. मस्कतच्या एका हॉटेलात एसी दुरुस्त करायचे आणि आमच्या गल्लीतल्या एका व्हिलाच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. काकू वसईला. सुट्टीच्या दिवशी मात्र हा माणूस घरात सापडायचा नाही. आमचा गणपती, केरळवाल्यांचा ओणम, चर्चमधली नाताळची गाणी, समुद्रकिनाऱ्यावरची साफसफाई, शाळेच्या भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं, जिथे चार माणसं जमतील तिथे काका हजर. पैसे विचारले तर रागवायचे. जेवायला थांबा म्हटलं तर मात्र लगेच थांबायचे आणि पुरणपोळीवर तूप मागून घ्यायचे.

त्यांचा एक नियम होता आणि तो नियम माझ्या डोक्यात जायचा. ज्याचा फोटो काढायचा त्याला विचारायचं. काढून झाल्यावर कुठे लावायचा असला तर परत विचारायचं. मुलांचा असेल तर घरी जाऊन विचारायचं. एकदा मंडळाची सहल इब्रा गावाला गेली. तिथे बायकांचा बाजार भरतो, पुरुषांनी आत जायचं नसतं. आम्ही म्हटलं, काका, कॅमेरा द्या, आम्ही काढतो की आत जाऊन. तर काकांनी कॅमेरा गाडीच्या डिकीत टाकला, कुलूप लावलं आणि आमच्या पिशव्या सांभाळत दोन तास बाहेर बसले. वर मलाच म्हणाले, "बाय, आपण पाहुणे. पाहुण्याने घरातली कपाटं उघडायची नसतात." वसईची माणसं लेकीसुनेला बाय म्हणतात. ते ऐकलं की मला भांडताच यायचं नाही.

भांडायची वेळ आली ती शाळेच्या बसमुळे.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक मोकळा प्लॉट आहे. तिथे सकाळी वेगवेगळ्या शाळांच्या बस थांबतात. झाड नाही, भिंत नाही, छप्पर नाही. मे महिन्यात पावणेसातलाच ऊन असं की कपाळावर हात धरून उभं राहावं लागतं, आणि बस काही वेळेवर येत नाही. एक दिवस माझ्या रेवाला तिथेच घोळणा फुटला. पांढरा युनिफॉर्म रक्ताने माखलेला, आणि ही तिसरीतली पोर मलाच समजावतेय, "मम्मा, इट्स ओके. आम्ही पोलच्या शॅडोमध्ये टर्न घेतो ना." मला त्याचा अर्थही तेव्हा लागला नाही. माझं डोकं फिरलं होतं. त्या कोपऱ्यावर शेड झालीच पाहिजे, असं मी त्या दिवशी ठरवलं.

गल्लीतल्या घरांची कमिटी केली, सेक्रेटरी अर्थातच मी. प्लॉटच्या मालकाची परवानगी हवी होती. मालकाला आम्ही कधी पाहिलं नव्हतं, त्याचा एक मॅनेजर तेवढा फोन उचलायचा. मी त्याला तीन पत्रं पाठवली, सोबत मोकळ्या कोपऱ्याचा फोटो, फोटोवर लाल बाण. तिन्ही वेळा उत्तर आलं, इन्शाल्ला. हिवाळा गेला, पुन्हा एप्रिल आला, रेवाला पुन्हा घोळणा फुटला. मी हात टेकले आणि काकांना म्हटलं, तुम्हीच असा फोटो काढा की त्या मालकाला पाझर फुटेल.

काका तीन दिवस रोज सकाळी कोपऱ्यावर जाऊन नुसते बसले. चौथ्या दिवशी मला फोटो दाखवला, आणि मला रेवाचं बोलणं कळलं. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाची सावली वाळूवर लांब पडली होती. जेमतेम हातभर रुंद. त्या सावलीत अकरा मुलं एकामागे एक, पुढच्याच्या दप्तराला नाक लावून, सरळ रेषेत उभी. शेवटी सगळ्यांत छोटी एक ओमानी मुलगी. तिच्यापर्यंत येईतो सावली संपलेली, अर्धं तोंड उन्हात, डोळे घट्ट मिटलेले. मला भडभडून आलं.

"पाठवा," मी म्हटलं. "आत्ता पाठवा मॅनेजरला. पेपरात देऊ. ग्रुपवर टाकू."

"दहा घरी विचारलंय, दहाही हो म्हणालेत," काका म्हणाले. "ही छोटी कुणाची ते ठाऊक नाही. तिच्या घरी विचारायचं राहिलंय."

"मग तिचं तोंड पुसून टाका ना! आजकाल एका बोटात होतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "जिच्यासाठी सावली मागायची, तिचंच तोंड पुसायचं?"

काकांनी त्या मुलीचं घर शोधलं. मागच्या गल्लीत, आजोबांचं. एकदा गेले, कावा म्हणजे इथली कॉफी पिऊन आले. दुसऱ्यांदा गेले, खजुराच्या जातींवर गप्पा मारून आले. फोटोचा विषय? "एकदम कसा काढणार, बाय?" इकडे ऊन रोज वाढतंय. तिसऱ्या वेळी मी त्यांच्याबरोबर गेले, म्हटलं, तुम्ही नाही तर मी काढते विषय.

आजोबांनी आम्हाला बैठकीत बसवलं. छान हिंदी बोलत होते. पेला रिकामा झाला की परत भरत होते, आणि तो हातात धरून हलवला की "पुरे" असं असतं हे मला माहीत नसल्यामुळे मी पाच पेले कावा प्यायले. मग काकांनी पाकिटातून फोटो काढला. मोबाइलवर दाखवला नाही, कागदावर छापून नेला होता, तो दोन्ही हातांनी त्यांना दिला.

आजोबांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"ये तो हमारी मरियम है," ते म्हणाले. "ये धूप में क्यों खडी है?"

"साया उतनाही है, बाबा," काका म्हणाले.

आजोबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "ये फोटो किसीको देना नहीं." आणि काकांनी, अहो, तिथल्या तिथे कॅमेरा काढला, त्यांच्यासमोर तो फोटो पुसला, मोबाइलमधला पुसला, आणि छापलेली प्रत त्यांच्याकडेच ठेवून उठले.

परतताना मी रस्त्यावरच भांडले. वर्षभराची माझी धडपड, माझ्या पोरीचं रक्त, आणि तुम्ही एका शब्दावर सगळं पुसून मोकळे? तुम्हाला तुमचा नियम मोठा, आमची मुलं नाहीत! काका खाली मान घालून चालत होते. "नाही म्हणाले ना ते," एवढंच म्हणाले. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर ट्रक उभा. लोखंडी पाइप, पत्रे, सिमेंट. मी धावत गेले. कामगारांना विचारलं, कुणी पाठवलं? त्यांनी मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. "अर्बाब का प्लॉट है, अर्बाब ने बोला." अर्बाब म्हणजे मालक. ज्या मालकाला मी तीन पत्रं लिहिली होती तो हाच म्हातारा. माझं एकही पत्र मॅनेजरच्या पुढे गेलं नव्हतं. आणि मी मरियमचं तोंड पुसून चौथं पाठवणार होते!

मी काकांच्या खोलीवर गेले, म्हटलं, काका, चुकलं माझं. तुम्हाला माहीत होतं का ते मालक आहेत? ते एसीचा फिल्टर धूत होते. "मला कुठलं माहीत? मी विचारायला गेलो होतो."

गेल्या महिन्यात काकांची नोकरी संपली. विमान दुपारचं होतं, सकाळी ते मुलांचा निरोप घ्यायला कोपऱ्यावर आले, गळ्यात कॅमेरा. मी आदल्या दिवशी घरोघर विचारून ठेवलं होतं, मरियमच्या आजोबांनाही. या वेळी सगळे हो म्हणाले होते. मी म्हटलं, "काका, जाण्याआधी शेडखाली मुलांचा एक फोटो काढाच."

काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. खूप वेळ लावून ठेवला. मग खाली घेतला.

"काय झालं?"

"काय काढू, बाय?" ते हसत म्हणाले. "पोरं नुसती बसची वाट बघतायत."

मी वळून पाहिलं. दोघं बाकावर चढून भांडत होते, रेवा कुणाच्या तरी वहीतून गृहपाठ उतरवत होती, मरियम दप्तरावर बसून सँडविच खात होती. कुणी कुणाच्या मागे नव्हतं. माझे डोळे भरून आले. खरंच, नुसती वाट बघत होती.