पुलावरून जायला सोबत

शीला छत्तिसाव्या वर्षी सायकल शिकायला लागली, तेव्हा वाडीत तिला कुणी हसलं नाही. एरवी बाईमाणूस सायकलवर दिसलं असतं तर पारावरच्या माणसांना चार दिवस पुरेल एवढा विषय झाला असता. पण ती सायकल बबिताची होती, आणि शीलाच्या पोटची पोर बबिता जाऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते.

वाडी चारठाण्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत. वाडीत शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर चारठाण्याला जावं लागतं, आणि एसटी काही आत येत नाही. म्हणून नववीतल्या चार पोरी सायकलीवर जात. बबिता, आश्रुबाची निकिता, नीलम आणि रोहिणी. सकाळी हापशापाशी जमायच्या आणि एकीमागं एक निघायच्या.

शीलाचा नवरा बिरू मेंढरं राखतो. दिवाळी झाली की तो कळप घेऊन गोदेच्या काठाकडं उतरतो आणि पावसाच्या तोंडाला माघारी येतो. मधले सगळे महिने घरात शीला, सासू बानूबाई, चार शेळ्या आणि बबिता. शीला रोजानं लोकांच्या रानात जायची. पोरीला मात्र तिनं कधी खुरपं हातात धरू दिलं नाही.

त्या साली बिरू निघून आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी धुकं दाटलं होतं. चौघी पोरी ओढ्यावरचा पूल ओलांडून गेल्या आणि मागून आलेल्या एका पिकअपनं सगळ्यांत मागच्या बबिताला उडवलं. गाडी थांबली नाही. तिचा नंबर कुणाला दिसला नाही, पुढंही ती कधी सापडली नाही. पोरीला जिंतूरला नेलं, पण दवाखान्याच्या दारात पोचायच्या आधीच तिनं जीव सोडला होता.

बिरूला फोन गेला. तो आला, तेरावं होईपर्यंत भिंतीला टेकून बसला, आणि चौदाव्या दिवशी परत निघाला. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली किती दिवस ठेवणार? जाताना त्यानं सायकल उचलून आढ्याला बांधली. मागचं चाक तेवढं वाकलं होतं. बाकी सायकलीला काही झालं नव्हतं.

उरलेल्या तिन्ही पोरींची शाळा त्या दिवसापासून बंद झाली. कुणी ठरवून केली नाही. आज नको, उद्या बघू, असं करता करता तिघींच्या सायकलींवर धूळ चढली.

शीलानं चारठाण्याच्या रस्त्यानं जायचंच सोडलं. बाजाराला जायची वेळ आली तर ती रस्ता टाळून बांधाबांधानं, ओढ्यातून पाय ओले करत लांबून जायची. पण मनात एक गोष्ट तिला सारखी टोचायची. जन्म दिलेली पोर रोज ज्या वाटेनं गेली, ती वाट आपण एकदाही तिच्यासारखी पाहिली नाही. वाऱ्यानं तिची ओढणी कशी उडत असेल, चढाला दम कुठं लागत असेल, आपल्याला काहीच ठाऊक नाही. आणि ती जिथं पडली, ती जागाही आपण पाहिलेली नाही.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी तिनं आढ्याची दोरी सोडली. चाक चारठाण्यातल्या मिस्त्रीकडून सरळ करून आणलं, तेही बांधाच्याच वाटेनं, खांद्यावर घेऊन. मग गावामागच्या माळावर बानूबाईनं मागचं कॅरेज धरलं आणि शीला साडीचा ओचा खोचून सीटवर बसली.

"पायाकडं बगू नकोस," म्हातारी मागून ओरडायची. "म्होरं बग! मेंढरामागं चालताना कुणी आपल्या पायाकडं बगतंय का?"

बानूबाईला स्वतःला सायकल येत नव्हती, पण तोल म्हणजे काय हे तिला कळत होतं. शीला पडायची, गुडघे सोलून निघायचे, शेळ्या मान वर करून बघायच्या. पोर गेल्यापासून म्हातारी सुनेशी नीट बोलली नव्हती. कारण राग नव्हता. बोलायचं काय, हेच तिला उमगत नव्हतं. आता माळावर निदान ओरडायला तरी तिला काहीतरी सापडलं होतं. एके दिवशी तिनं न सांगता कॅरेज सोडलं. बऱ्याच अंतरावर गेल्यावर शीलाला ते कळलं, आणि कळल्याबरोबर ती बाभळीत जाऊन पडली. काटे काढता काढता म्हातारी एकदम रडायला लागली. शीलाही रडली. मग दोघी शेळ्या हाकत घरी आल्या.

सायकल आली. पण पुलावरून जाणं जमेना. शीला एकटीच निघाली, मोठ्या रस्त्याला लागली, पूल दिसला आणि तिचे पाय पायडलवर थांबले. ती उतरली. सायकल हातात धरून उभी राहिली आणि तशीच मागं फिरली. दुसऱ्यांदा गेली तेव्हाही तेच. मागून एखादी गाडी आली की तिचे कान सुन्न व्हायचे. तेव्हा तिला कळून चुकलं की हे एकटीचं काम नाही. कुणीतरी संगं पाहिजे.

तिनं आधी रानात संगं काम करणाऱ्या रेणुकाला विचारलं. हरभरा उपटता उपटता रेणुका थांबली. "माय, मला चाकावर बसता येत असतं तर मी तुला न्हाई म्हणले नसते. पण मी चालत येते की! तू सायकल हातात धर, मी संगं चालते."

"चालत न्हाई जायचं मला," शीला म्हणाली. "ती जशी जायची तसं जायचंय."

रेणुका पुन्हा हरभरा उपटायला वाकली.

मग एका रविवारी चारठाण्याची जुनी देवळं बघायला शहरातून सायकलवाले आल्याचं तिनं ऐकलं. टोप्या घातलेली, चष्मे लावलेली माणसं होती. सायकल ढकलत बांधानं धावतपळत ती चहाच्या हॉटेलपाशी पोचली, तेव्हा ते निघायच्या बेतात होते. त्यातल्या वयस्कर माणसाला तिनं विचारलं, "दादा, मी नवीन शिकलेय. पुलावरून पलीकडं जायचंय, तुमच्या संगं. एकदाच." माणूस भला होता. त्यानं कौतुक केलं, पाणी दिलं, म्हणाला, "ताई, नंबर द्या, ग्रुपमध्ये घेतो. पुढच्या वेळी आलो की कळवतो." शीलाचा फोन साधा, बटणांचा. ते ऐकून तो जरा अवघडला. मागून कुणीतरी हाक मारली, ऊन चढत होतं, आणि सगळे निघून गेले. तिला त्यांचा राग आला नाही. त्यांना ती वाट फक्त वाट होती.

तेव्हा तिच्या मनात आलं, की बबिता ज्यांच्या संगं जात होती, त्यांच्याच संगं आपण जायला हवं.

हे मनात यायला सोपं होतं. आश्रुबाच्या उंबऱ्यावर उभं राहणं अवघड होतं. आश्रुबा बऱ्यापैकी जमीन असलेला कास्तकार. निकिता त्याची धाकटी. तो बाजेवर बसला होता, बायको पार्वतीबाई ज्वारी पाखडत होती. शीला खाली बसली आणि सरळच बोलली.

"दादा, निकिताला एक दिवस माज्या संगं सायकलवर शाळेपर्यंत येऊ द्या."

आश्रुबानं तिच्याकडं पाहिलं. त्याचा आवाज चढला नाही, पण शब्द दगडासारखे आले. "वहिनी, तुमची गेली. आता माजी न्यायला आलात का?"

पार्वतीबाईचं सूप थांबलं. "अवं, काय बोलायलात तुमी!"

"बोलू द्या," शीला म्हणाली. ती उठली नाही. "खरं हाय त्यांचं. मी पोरीच्या शाळेसाठी आले असं म्हणले असते तर बरं दिसलं असतं. पण तसं न्हाई. मी माज्यासाठी आलेय. मला त्या पुलावरून एकटीला जाता येईना. दोनदा गेले, माघारी आले. आत्याबाईला सायकल येत न्हाई, धनी तिकडं गोदेला. ती कुठं पडली, मला ठावं न्हाई दादा. ज्यांला ठावं हाय त्या पोरी घरात बसल्यात. मी कुणाला विचारू?"

आतल्या दारात निकिता उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मी येते काकू."

"तू आत हो," आश्रुबा म्हणाला.

शीला घरी आली. बानूबाईनं तिच्यासमोर भाकरी ठेवली. ती तशीच राहिली.

चार-पाच दिवस गेले. मग सकाळी शेळ्यांची धार काढत असताना अंगणात मोटारसायकल थांबली. आश्रुबा उतरला नाही. गाडीवर बसूनच, नजर दुसरीकडं ठेवून म्हणाला, "त्या दिवशी मी बोलू नये ते बोललो. पोरगी तव्हापासून नीट जेवायली न्हाई. आमी दोघं म्हणत होतो, विसरंल. पण ती काय विसरायली न्हाई." मग म्हणाला, "उद्या निगा. मी मागं गाडीवर राहीन. माज्या गाडीच्या मागून जे यायचं ते आधी मला लागंल."

दुसऱ्या दिवशी तिघं निघाले. पुढं निकिता, मधे शीला, मागं आश्रुबाची मोटारसायकल, माणूस चालतो त्याहून जरा जलद. रस्ता मोकळा होता. दोन्हीकडं ज्वारी हुरड्याला येऊन गेली होती. पूल दिसला तसे शीलाचे हात हँडलवर घट्ट झाले. निकितानं मागं वळून न बघता वेग कमी केला आणि ती तिच्या बाजूला आली. दोघी एका रेषेत पुलावर चढल्या. मोटारसायकलचा आवाज मागं तसाच चालू होता. पूल संपला. शीलाला तो केव्हा संपला ते कळलंही नाही.

थोडं पुढं जाऊन निकिता थांबली.

"हितं," ती म्हणाली.

रस्त्याच्या कडेला मुरूम, त्यात वाळलेलं कुसळीचं गवत. बाकी काही नव्हतं. शीलानं सायकल स्टँडला लावली आणि खाली बसली. तिला वाटलं होतं की इथं आल्यावर आपण फुटून जाऊ. पण तसं झालं नाही. तिनं हाताच्या पंज्यानं मुरुमावरचे दोन-तीन खडे बाजूला केले, जसं अंथरूण घालायच्या आधी करतात.

"ती काय बोलली का गं?"

निकितानं मान हलवली. "शुद्धीवर नव्हती काकू. आमी तिचं डोकं मांडीवर घेतलं. नीलमनं घेतलं. मी रस्त्यात उभं राहून गाड्या थांबवत होते." मग म्हणाली, "ती कायम मागंच राहायची. आमी म्हणायचो, पुढं हो. तर म्हणायची, मागून सगळ्या दिसतात. तिचे बाबा असंच मेंढरामागं चालतात म्हणं."

आश्रुबा लांब गाडीवर पाठ करून बसला होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

मग निकिता म्हणाली, "शाळा हितून जवळच हाय." आणि तिघं शाळेच्या फाटकापर्यंत गेले. शीलानं लिंबाखाली लावलेल्या सायकली पाहिल्या. बबिता कुठं लावायची ते निकितानं दाखवलं. तिथं आता दुसऱ्या कुणाची तरी होती. निकिता दप्तर घेऊनच आली होती. आश्रुबाला ते आत्ता दिसलं. तो काही बोलायच्या आत ती फाटकातून आत गेली.

आश्रुबानं तिला हाक मारली नाही. शीलाला म्हणाला, "संध्याकाळी आणायला यावं लागंल."

त्यानंतर निकिता रोज जायला लागली. काही दिवस आश्रुबा मागं राहिला, मग रानातली कामं वाढली आणि शीलाच मागं राहिली. पोरीला सोडून घरी यायचं आणि संध्याकाळी पुन्हा आणायला जायचं, हे तिला जमणारं नव्हतं, कारण मधे पुलावर ती एकटी पडली असती. म्हणून तिनं चारठाण्याच्या शिवारातच काम धरलं. सकाळी पोरीसंगं जायची, संध्याकाळी पोरीसंगं यायची. परीक्षेच्या आधी रोहिणीच्या आईनं आपली पोर हापशापाशी आणून उभी केली.

नीलम आली नाही. शीला तिच्या घरी दोनदा गेली. वडील नीट बोलले, चहा दिला, पण वैशाखात पोरीचं लग्न लावलं. मांडवात शीला गेली होती. पाया पडायच्या वेळी नीलम तिला बिलगली आणि सोडेना. बायकांनी हात सोडवून तिला पुढं नेलं. ते शीलाच्या मनातून गेलं नाही. आपण आणखी दोन महिने आधी सायकल शिकलो असतो तर, असं ती बानूबाईला कधीतरी म्हणते. म्हातारी म्हणते, "उगं कशाचं काय लावून घेऊ नकोस."

पावसाच्या तोंडाला बिरू आला. संध्याकाळी मोठ्या रस्त्यानं कळप आणत होता, आणि समोरून शाळेतून परतणाऱ्या पोरी आल्या, त्यांच्या मागं आपली बायको. त्यानं शीळ घालून मेंढरं रस्त्याखाली घेतली आणि काठी धरून उभा राहिला. शीला उतरली.

"कव्हा शिकलीस?" त्यानं विचारलं.

"तुमी तिकडं होता तव्हा."

त्यानं सायकलच्या सीटवर हात ठेवला. घोंगडीच्या टोकानं तोंड पुसलं. "मला बी दाखव," म्हणाला, "ती जागा." पोरींना पुढं जायला सांगून शीला त्याच्या संगं मागं वळली. सायकल तिनं हातात धरली होती, कारण त्याला चालायचीच सवय. कळप त्यांच्या मागोमाग पुलावरून गेला. त्या मुरुमावर दोघं बराच वेळ बसून राहिले आणि मेंढरं त्यांच्याभोवती चरत राहिली. पोर गेल्यावर नवराबायको एका जागी बसून रडले, ते त्या दिवशी.

आता निकिता अकरावीला जिंतूरला जाते, चारठाण्यापर्यंत सायकलवर आणि पुढं एसटीनं. वाडीतून पाचवी-सहावीच्या धाकट्या पोरीही निघायला लागल्या आहेत. त्यातल्या एकीला अजून नीट सायकल येत नाही. शीला रविवारी तिला माळावर नेते, आणि कॅरेज धरायला बानूबाई येते. शाळेला सुट्टी लागली की शीला चारठाण्याला जात नाही. बाजाराला जायचंच असलं तर रेणुकाला म्हणते, "चल, संगं चालत जाऊ." त्या पुलावरून ती आजवर एकटी गेलेली नाही, आणि कधी जाईल असं तिला वाटतही नाही.